थंडीतले पक्षी, नवीन कॅमेरा आणि पहिला हिवाळा

डिसेंबर उजाडला की ओळखीतल्या दोघातिघांचे तरी फोन येतातच, कॅमेरा घेतलाय, लांबची लेन्सपण घेतलीये, आता कुठे जाऊ आणि तिथे जाऊन नेमकं करू काय. दरवेळी फोनवर अर्धा तास तेच ते सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून काढतो. मी काही प्रोफेशनल नाही, आठवडाभर नोकरी आणि रविवारी पहाटे नांदूर मध्यमेश्वर असा माणूस आहे, पण दहा-अकरा हिवाळे झाले आणि करता येतील तेवढ्या चुका करून झाल्यात. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे नऊशेच्या आसपास फोटो जमले होते, त्यातले आठशे तरी उडून चाललेल्या पक्ष्याच्या शेपटीचे. बायको म्हणाली प्रदर्शन भरव आणि नाव ठेव 'पार्श्वभाग'.

मोठी चूक एकच होती. पक्षी लांब दिसला की मी त्याच्याकडे चालत निघायचो. पायाने अंतर कमी करायला गेलं की ते वाढतं, आणि एका जागी गप बसलं की तेच अंतर आपोआप कमी होतं, हे डोक्यात शिरायला एक अख्खा सीझन गेला. खाली जे काही लिहिलंय ते फिरून फिरून यावरच येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जागा एकच पकडा

नवीन कॅमेरा आला की माणसाला या रविवारी भिगवण, पुढच्या रविवारी जायकवाडी, मग लगेच ताडोबा असं व्हायला लागतं. नका करू. घरापासून दोनेक तासात पोचता येईल असा एकच पाणवठा निवडा आणि त्या हिवाळ्यात तिथेच सात-आठ वेळा जा. मुंबईकरांना ठाणे खाडी आहे, संभाजीनगरवाल्यांना जायकवाडी, पुणेकरांना भिगवण, आणि आम्हा नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर. तेवढंही लांब पडत असेल तर गावाबाहेरचा पाझर तलावसुद्धा चालतो, खरंच चालतो.

नांदूर मध्यमेश्वर नाशिकहून साधारण ४० किलोमीटर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे. इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे आणि शंभरेक वर्षं त्याच्यामागे गाळ साचत गेलाय, त्यामुळे पाणी उथळ, मधे मधे मातीची बेटं, पाणकणीस, गवत. धरण म्हणून हे वाईट असेल पण पक्ष्यांना हेच पाहिजे असतं, कारण पोहणाऱ्या बदकाला पाणी मिळतं, लांब पायाच्या शेकाट्याला चिखल मिळतो आणि जांभळ्या पाणकोंबडीला लपायला गवत. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि पुढे रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली महाराष्ट्रातली पहिली जागा हीच. चापडगावच्या बाजूने आत जा, तिकीट आणि कॅमेऱ्याचे पैसे भरा, आणि पहिल्या दोन वेळा तरी तिथला स्थानिक गाईड घ्याच. ती पोरं तिथलीच आहेत, कुठल्या खांबावर कुठला ससाणा बसतो हे त्यांना पाठ असतं, आणि तुम्ही 'तो बघा काहीतरी ब्राऊन' म्हणेपर्यंत ते नाव सांगून पुढच्या पक्ष्याकडे वळलेले असतात.

निघायच्या आदल्या दिवशी गाईडला फोन करून एकच प्रश्न विचारायचा, पाणी किती आहे. किती पक्षी आहेत हे नाही विचारायचं, कारण उत्तर कायम 'भरपूर' येतं. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की बंधाऱ्यात पाणी चढतं, चिखल बुडतो आणि चिखलात चोच खुपसणारे सगळे छोटे पक्षी दुसरीकडे निघून जातात, बदकं पण पसरतात आणि लांब जातात. भिगवणला पण हाच हिशोब. ते उजनी धरणाचं मागचं पाणी, धरण पावसाळ्यानंतर भरलेलं असतं, शेतीला पाणी सुटत जातं तसे काठ उघडे पडतात, आणि रोहितला म्हणजे फ्लेमिंगोला त्याच्या पायाइतकंच पाणी लागतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत भिगवणला जाऊन 'फ्लेमिंगो दिसलेच नाहीत' म्हणणाऱ्यांची मला दया येते, ते जानेवारीनंतरचं काम आहे आणि तेही पाण्याच्या मर्जीवर.

बदकांचं साधारण असं, ऑक्टोबरपासून तुरळक यायला लागतात, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत भरगच्च, मार्चमध्ये पांगापांग. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, तरंग, चक्रवाक हे सगळे उत्तरेकडून आलेले पाहुणे. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो, लडाख, तिबेट, मंगोलिया तिकडून, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात त्यावरून लगेच ओळखता येतो.

सामान, थोडक्यात

जे आहे ते घेऊन निघा. ७०-३०० ची लेन्स असेल तरी चालेल, निकॉनचा पी ९५० सारखा मोठ्या झूमचा कॅमेरा असेल तरी चालेल, फक्त उडता पक्षी त्यात पकडायला जरा त्रास होतो. १५०-६०० घ्यायचीच असेल तर आधी एक दिवस भाड्याने आणा, दोन किलोचं वजन असतं आणि ते सकाळी नऊ वाजता चार किलोचं वाटायला लागतं.

माझं प्रामाणिक मत, लेन्सच्या आधी दुर्बीण घ्या. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण. कॅमेऱ्यातून पक्षी शोधणारा माणूस फक्त फ्रेममधलं बघतो, आणि शेजारी झुडपात बसलेला शंकर, इंग्रजीत ज्याला ब्लूथ्रोट म्हणतात तो, त्याच्या पायाजवळून निघून जातो.

ट्रायपॉडच्या ऐवजी बीनबॅग. विकत घेऊ नका, जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एका बाजूने शिवा, दोनेक किलो ज्वारी भरा, दुसरी बाजू शिवा. गाडीच्या खिडकीत ठेवा, पक्षी बघायच्या मनोऱ्याच्या कठड्यावर ठेवा, जमिनीवर ठेवा, लेन्स हलत नाही. तांदूळ भरला होता मी पहिल्यांदा, त्याला किडे लागले, ते सगळं घरभर झालं, तर ज्वारी काय आणि तांदूळ काय, सीझन संपला की काढून ठेवायचं हे लक्षात ठेवा. आणि एक गोणपाट, पोटावर झोपायला. कपडे मातकट, हिरवट, फिक्के. पांढरा शर्ट, लाल जॅकेट, चकाकणारी टोपी हे लग्नाला.

रात्रीच करायची कामं

बॅटरी चार्ज, कार्ड रिकामं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी प्रत्येकाचं एकदा राहतंच. सेटिंग मात्र रात्रीच लावून ठेवा कारण पहाटे अंधारात, बोटं गारठलेली असताना, मेनूमध्ये काही सापडत नाही.

शटर स्पीड तुम्ही ठरवायचा, बाकीचं बरंचसं कॅमेऱ्यावर सोडायचं. बसलेल्या पक्ष्याला १/५००, चालणाऱ्या-खाणाऱ्याला १/१०००, उडणाऱ्याला १/२००० आणि बदकासारखा भराभर पंख मारणारा असेल तर १/३२०० पर्यंत. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येतो ते भोक, लेन्सचं सगळ्यात मोठं, बहुतेक झूमना ते एफ ६.३ असतं. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, ऑटो, वरची मर्यादा ६४०० ठेवा. नवखे लोक आयएसओला फार घाबरतात आणि मग ४०० वर ठेवून हललेला फोटो घेऊन येतात. दाणेदार फोटो घरी साफ करता येतो हो, हललेला नाही येत.

फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे निकॉन-सोनीत एएफ-सी आणि कॅननमध्ये सर्वो. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर चालू करा, नसेल तर मधला एक पॉइंट आणि तो डोळ्यावर. बर्स्ट, म्हणजे बटण दाबून ठेवलं की सलग फोटो, चालू. फाइल रॉ मध्ये, कारण पांढऱ्या बगळ्याची पिसं जळली, म्हणजे जास्त उजेडाने नुसती पांढरीफटक आली, तर जेपेगमध्ये काहीच हाती राहत नाही.

त्या बगळ्यावरून आठवलं. काळपट पाणी आणि त्यात पांढरा बगळा असेल तर कॅमेरा पाण्याकडे बघून फोटो उजळ करतो आणि बगळ्याचा नुसता चुन्याचा ठिपका होतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, उणे ०.७ किंवा उणे १. उलट पांढुरक्या आभाळासमोर काळा कोतवाल पक्षी बसलाय तर अधिक १, नाहीतर पक्ष्याच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. स्क्रीनवर जळालेला भाग लुकलुकतो ती सोय चालू ठेवा आणि पहिले दोन फोटो काढून झाले की एकदा बघून घ्या, दर फोटोनंतर नका बघू. दर फोटोनंतर स्क्रीनमध्ये मान घालणाऱ्याच्या समोरून ऑस्प्रे मासा घेऊन जातो आणि त्याला कळतसुद्धा नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय, मान घालणारा मीच होतो.

पहाट

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या जरा पुढे उगवतो. तुम्ही साडेसहाला जागेवर बसलेले असायला हवे, गेटवर पोचलेले नाही, बसलेले. गेट किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशीच गाईडला विचारून ठेवा.

आणि थंडीला कमी लेखू नका. निफाडचा पारा म्हणून पेपरात जी बातमी येते ना, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली, तो हाच तालुका. पाच-सहा अंशाच्या खाली जातो तेव्हा द्राक्षबागायतदार बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसतात, आणि आपण त्याच रस्त्याने मजेत फोटो काढायला जात असतो, तर वाटेत कुणी चहा विचारला तर थांबत जा. कानटोपी, बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे, दोन सॉक्स. गाडीत हीटर लावला असेल तर कॅमेऱ्याची बॅग डिकीत ठेवा, कारण गारठलेला कॅमेरा परत उबदार गाडीत आणला की काचेवर बाष्प धरतं आणि पुसून पुसून सूर्य वर येतो. व्ह्यूफाइंडरवर तोंडाने श्वास सोडला तरी तेच होतं, नाकाने घ्या, बाजूला सोडा.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. निफाडमध्ये ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. अंधारात उसाच्या कडेने एकट्याने, मान खाली घालून, गुपचूप चालायचं नाही. दोघं असा, टॉर्च लावा, मोठ्याने बोला. गप्प बसायची प्रॅक्टिस पाण्यावर पोचल्यावर करा.

धुकं असेल तर वैतागू नका. धुक्यात पिसाचे डिटेल मिळणार नाहीत, पण नावेवर बसलेला पाणकावळा, काठीसारखा उभा राखी बगळा असे आकार छान येतात. एक्स्पोजर थोडं वाढवा, धुकं राखाडी नको पांढरं दिसू दे. आणि थंडीत आपल्याला एक सवलत पण असते, सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, नाशिकला डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून ४७ अंशाच्या वर जात नाही, म्हणून उन्हाळ्यासारखा आठ वाजताच उजेड कडक होत नाही, नऊ-साडेनऊपर्यंत मऊ ऊन मिळतं. त्यानंतर मात्र पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. लांबच्या पक्ष्याचा फोटो तेव्हा कुठल्याही लेन्सने शार्प येत नाही, लेन्स सर्व्हिसला पाठवू नका, पोहे खायला जा.

बसायचं कसं

आता मुख्य मुद्दा. पाण्यापाशी पोचलात की पहिली दहा मिनिटं कॅमेरा हातातच घ्यायचा नाही. दुर्बिणीने बघायचं की पक्षी कुठून कुठे जातायत. शेकाट्या काठाकाठाने चरत येतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. धोबी पक्षी तसाच. कवड्या खंड्या एका जागी फडफडत थांबतो, सूर मारतो आणि मासा घेऊन बहुतेकवेळा त्याच फांदीवर येतो. वेडा राघू तर शंभरदा त्याच तारेवर. म्हणजे पक्षी कुठे आहे तिथे न जाता पक्षी कुठे येणार आहे तिथे जाऊन बसायचं. सूर्य पाठीला, गोणपाट अंथरायचं, पोटावर झोपायचं आणि लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणायची. उभं राहून काढलेला आणि झोपून काढलेला फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा एकदा, उभ्याने काढलेल्यात मागे चिखल दिसतो, झोपून काढलेल्यात लांबचं पाणी धूसर होऊन मागे पसरतं आणि पक्षी एकदम मोठा वाटतो, लेन्स तीच.

झोपायच्या आधी गवत काठीने हलवून बघा. थंडीत घोणस सकाळच्या उन्हाला येऊन पडते आणि ती बाजूला सरकायचे कष्ट घेत नाही.

मग वाट बघायची. वीस मिनिटं काहीच होत नाही, पायाला मुंग्या येतात, वाटतं उठून जावं. साधारण पंचविसाव्या मिनिटाला एखादा तुतवार टुकुटुकु करत इतका जवळ येतो की फोकस होत नाही. माझा आजपर्यंतचा सगळ्यात चांगला शेकाट्या असाच आलाय, मी तेव्हा खिशातून गुळपोळी काढत होतो.

सरकायचंच असेल तर कसं सरकायचं तेही सांगतो. पक्ष्याच्या दिशेने सरळ रेषेत कधी जायचं नाही, तिरकं जायचं, जणू तुम्ही दुसरीकडेच चाललाय. चार पावलं, मग थांबा. पक्ष्याने खाणं थांबवून मान वर केली, तुमच्याकडे बघितलं, की तिथेच थांबा, तो परत खायला लागेपर्यंत. दुसऱ्यांदा मान वर आली की तुमची हद्द संपली, आता बसा. आणि टिटवी. टिटवीने एकदा बोंब ठोकली की अख्ख्या तळ्याला निरोप जातो, त्या दिवशी तिथे पुढची पंधरा मिनिटं काही मिळणार नाही, गप खाली बसून घ्या आणि तिची समजूत पटू द्या.

गाडी ही सगळ्यात चांगली लपण आहे हे लोकांना पटत नाही. माणसाला घाबरणारा पक्षी उभ्या गाडीला फार भीत नाही. कॅनॉलच्या रस्त्याने हळू जायचं, लांबूनच इंजिन बंद करून गाडी थांबवायची, खिडकीत बीनबॅग. दार उघडलंत की खेळ खलास.

मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणं, टाळ्या वाजवून किंवा दगड मारून थवा उडवणं हे करणारी मंडळी तुम्हाला दिसतील, मोठाल्या लेन्सवाली पण दिसतील. त्यांचं बघून शिकू नका. ते बदक इथे सुट्टीला नाही आलेलं, मार्चमध्ये परत काही हजार किलोमीटर उडायचंय म्हणून अंगावर चरबी चढवायला आलंय, आणि प्रत्येक फुकटच्या उड्डाणात ती खर्च होते. अभयारण्यात हा गुन्हाच आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे त्याला, पण मला कायद्यापेक्षा त्या चरबीचं जास्त वाटतं. ड्रोन तर परवानगीशिवाय आत नेऊच नका.

उडता पक्षी

हा सगळ्यांना पहिल्याच दिवशी पाहिजे असतो. ठीक आहे, पण सुरुवात वारकऱ्यापासून करा. वारकरी म्हणजे कूट, काळं अंग आणि कपाळावर पांढरं गंध, नांदूरला ढिगाने. याला थेट उडता येत नाही, पाण्यावर दहा-पंधरा मीटर धावत जावं लागतं, त्यामुळे नवख्या हाताला फोकस पकडायला पुरेसा वेळ मिळतो आणि पाण्याचे तुषार उडतात ते वेगळेच. आपापसात भांडणं फार करतात हे लोक, उडवायची गरज पडत नाही. वारकरी जमला की गाय बगळा, मग चित्रबलाक, संथ पंखाचे मोठे पक्षी. बदकं शेवटी.

वाऱ्याची एक गंमत आहे ती मला फार उशिरा कळली. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करूनच उडतात आणि उतरतात, विमानासारखंच. थंडीत आपल्याकडे सकाळी बहुतेकवेळा वारा पूर्व किंवा ईशान्येकडून असतो आणि सूर्यही तिकडेच. म्हणजे तुम्ही पाण्याच्या पूर्व काठावर, पूर्वेला पाठ करून बसलात तर ऊन पक्ष्याच्या तोंडावर आणि पक्षी वाऱ्याकडे तोंड करून म्हणजे तुमच्याकडे तोंड करून. माझ्या त्या आठशे पार्श्वभागांचं दुसरं कारण तेव्हा समजलं, मी गाडी लावायला सोपं म्हणून कायम पश्चिमेच्या काठावर बसत होतो. संध्याकाळी मात्र हे गणित बिघडतं, वारा बदलला नसेल तर चांगला उजेड आणि पक्ष्याचं तोंड एका बाजूला येत नाही, तेव्हा उजेडासमोरच्या थव्याच्या नुसत्या काळ्या आकृत्या काढा.

उडायच्या आधी पक्षी सांगतो. पट्टकादंब एकमेकांत बोलायला लागतात, आवाज वाढतो, माना हलतात, मग उठतात. बगळा अंग आखडतो आणि पुढे झुकतो. फांदीवरची घार किंवा ससाणा शिटला की शटरवर बोट ठेवा, पुढच्या काही सेकंदांत तो निघायची शक्यता बरीच असते. कोपरं छातीला टेकवा, कंबरेतून वळा, पक्षी फ्रेममध्ये आल्यावर थोडं त्याच्याबरोबर फिरा आणि मग दाबा, दाबल्यावरपण फिरत राहा. समोर जागा सोडा, सुरुवातीला जरा जास्तच सोडा, पंख कापण्यापेक्षा घरी क्रॉप केलेलं बरं.

होडीतून, म्हणजे भिगवण

भिगवण हे अभयारण्य नाही, उजनीचं बॅकवॉटर आहे, पुणे-सोलापूर हायवेवर पुण्याहून शंभरेक किलोमीटर. कुंभारगाव, डिकसळ इथून होड्या निघतात आणि नावाडी बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरांतलेच. होडीत ट्रायपॉड नेऊ नका, इंजिनाची थरथर त्यातून सरळ लेन्समध्ये जाते. चौघांपेक्षा जास्त माणसं एका होडीत नकोत, पुढे बसायचं, शक्य तितकं खाली, शटर १/१६०० च्या खाली आणायचं नाही, लाइफ जॅकेट घालायचंच मग ते कितीही खांद्यात टोचो.

आणि नावाड्याशी आधी बोलून घ्या. त्याला सवय झालेली असते की गिऱ्हाईकाला जवळ नेलं की गिऱ्हाईक खूष. "दादा, लांबच इंजिन बंद करा, तिथून वल्ह्याने हळू घ्या, आणि थवा सरकायला लागला की थांबा, नाही मिळाला फोटो तरी चालेल." एवढं एक वाक्य आधी बोललात की तोही निवांत होतो आणि सकाळ बदलते. फ्लेमिंगो मान खाली घालून चिखल गाळत असतात तोपर्यंत सगळं ठीक, सगळ्यांनी माना वर करून एका दिशेला चालायला सुरुवात केली की तुम्ही जास्त जवळ आलात. कुरवांना फरसाण टाकून फोटो काढणारी होडी शेजारी असेल तर आपली दुसरीकडे घ्या. उतरल्यावर चिलापी मासा खा, तो त्या गावच्या ट्रिपचा भागच आहे.

माळरानावरचे प्राणी

पक्ष्यांवर हात बसला की मग प्राणी. आणि प्राणी म्हणजे वाघच असं नाही हो. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारासाठी. अहिल्यानगरकडच्या कर्जतजवळ रेहेकुरी, काळवीट, ते तर त्याहून लहान, १९८० पासून आहे. इंदापूरकडे कडबनवाडीच्या गवताळ माळावर खोकड, नशीब असेल तर लांडगा. वनखात्याची सफारी आहे तिकडे, रीतसर त्यातूनच जा.

इथे कायदा पाण्याच्या उलट. पाण्यापाशी खाली बसायचं, माळावर गाडीतून उतरायचंच नाही. चिंकारा गाडीला पाच मिनिटं सहन करतो, माणूस उतरला की ठिपका होतो. गवत पिवळं, प्राणी पिवळा, तेव्हा पहाटेचं प्राण्याच्या मागून येणारं ऊन मुद्दाम वापरून बघा, कानाच्या कडेला सोनेरी रेघ येते. धूळ भरपूर, बाहेर लेन्स बदलू नका. दिवस मावळताना भोवत्ये, म्हणजे हॅरियर जातीचे शिकारी पक्षी, माळावर घिरट्या घालत येतात आणि गवतात जमिनीवरच एकत्र झोपतात, त्या पट्ट्यात पायी शिरून त्यांना उठवू नका, अंधारात त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.

थंडीत लांडग्यांना पिल्लं असतात. बीळ कुठे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं, दाखवायला तयार झालं, पैसे मागितले, तरी जायचं नाही. वर्दळ वाढली की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या धावपळीत कुत्री-माणसं काय करतील सांगता येत नाही. ज्याने जागा दाखवली त्याचं नाव पण पुढच्याला देऊ नका.

घरी आल्यावर

त्याच दिवशी कार्ड उतरवा आणि त्याच दिवशी निम्मे उडवा. डोळा शार्प नाही, उडवा. पाठ दिसतेय, उडवा. एकाच चित्रबलाकाचे चाळीस असतील तर दोन ठेवा. नाव कळत नसेल तर मर्लिन अॅपला फोटो दाखवा, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, मादी बदकांमध्ये तेही गोंधळतं आणि आपणही. यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर टाका, दोन वर्षांनी स्वतःचीच यादी बघताना चक्रवाक कोणत्या आठवड्यात आले होते ते कळतं आणि पुढच्या वर्षीची रजा त्याप्रमाणे टाकता येते. फोटो टाकताना घरट्याची, बिळाची नेमकी जागा लिहू नका, फोनवरून काढलेला असेल तर लोकेशन काढून टाका.

एका वहीत तीन ओळी लिहायची सवय मी लावून घेतलीये, पाणी किती, वारा कुठून, कुठे बसलो. बाकी काही नाही. तिसऱ्या-चौथ्या रविवारपर्यंत त्या वहीवरून कळायला लागतं की पाणी उतरलेलं आणि वारा ईशान्येचा असेल तर मनोऱ्याच्या डावीकडच्या बाभळीखालीच जायचं.

मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी जाल आणि पाणी मोकळं दिसेल. तेव्हा बीनबॅगमधली ज्वारी काढा, लेन्सवरची धूळ ब्लोअरने उडवा, आणि कॅमेरा कपाटात बॅगेत घालून ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल, जेलचा रंग बदलला की कढईत भाजून परत कोरडं करायचं. पावसाळ्यात लेन्सच्या आत एकदा बुरशी धरली की साफ करायचा खर्च ऐकून पुढच्या हिवाळ्याचं पेट्रोल निघतं.